आठ वाजताची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. मित्रांनो, खिडकी म्हटलं की तुम्हाला आभाळ आठवेल. माझ्यातून आभाळ दिसत नाही. दिसतो तो तिसऱ्या मजल्यावरचा सामाईक व्हरांडा आणि येणारीजाणारी माणसं.

ही इमारत एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी बांधली. आराखडा काढणाऱ्या बाईंनी प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी मुद्दाम व्हरांड्याकडे ठेवली. गवंडी कुरकुरला, "बाई, कुणाच्या घरात काय शिजतंय ते सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे," बाई म्हणाल्या. "काहीच शिजत नसेल तर तेही दिसेल."

पुढे राहणाऱ्यांनी आपणच रीत पाडली. सकाळी उठलं की खिडकी उघडायची. आठपर्यंत उघडली नाही, तर शेजाऱ्याने दार वाजवायचं.

माझ्या घरात एक निवृत्त ड्रायव्हर आणि त्यांची बायको राहत. मला तीच उघडायची आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवून चौकशी करायची. ती वारली आणि मी बंद राहू लागले. शेजारच्या नर्सबाई रोज आठला दार ठोठावू लागल्या.

"बाई, आहे मी अजून. रोज काय हजेरी घेता?"

"मग खिडकी उघडत जा. माझ्याही गुडघ्यांना आराम."

ड्रायव्हरांनी तोड काढली. मला उघडलं ते कायमचंच. रात्रंदिवस मी सताड उघडी. दार वाजायचं थांबलं. त्यांना तेच हवं होतं.

एका सकाळी ते न्हाणीघरात घसरून पडले. मला धप्पकन आवाज आला, मग कण्हणं. आठ वाजले. नर्सबाई आल्या, मला उघडी पाहून पुढे गेल्या. साडेनऊला परत आल्या, तशाच गेल्या. आतलं कण्हणं बारीक होत चाललं होतं. खिडकीला तोंड नसतं, मित्रांनो. मी नुसती उघडी राहिले.

अकराला त्या पिशवी घेऊन निघाल्या आणि माझ्यापाशी थबकल्या. आत डोकावल्या. "सिंक कोरडं ठणठणीत," त्या पुटपुटल्या. "या माणसाने साधा कपसुद्धा विसळला नाही?"

त्यांनी हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली, आणि मग गुडघे विसरून त्या चावी आणायला रखवालदाराकडे धावल्या.

दोन महिन्यांनी ड्रायव्हर काठी टेकत घरी आले. "खिडकी तर उघडी होती," ते म्हणाले.

"हो ना," नर्सबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांपासून."

त्या संध्याकाळी ड्रायव्हरांनी मला बंद केलं, आणि सकाळी उठल्यावर उघडलं.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर उघडी खिडकी पाहून पुढे जाऊ नका. हाक मारा. आणि ओ येईपर्यंत थांबा.