जोड दिसू नये

“वैजूचा दम सरला की तू उचलजो. आयकणाराले जोड दिसू देऊ नको.”

मेडशीच्या फाट्यावर डोक्यावरचा चाऱ्याचा भारा न उतरवता गोजराबाई फ्लेक्सपुढे थांबली, आणि दोन दिवाळ्यांमागे गेलेल्या सासूचा, तुळसाबाईंचा, आवाज तिच्या कानात उभा राहिला. फ्लेक्सवर पुढारी हात जोडून मोठा. त्याच्या खांद्याशी तिची धाकटी जाऊ वैजयंती, हातात टिपऱ्या. खाली ठळक अक्षरं : ‘लोककला महोत्सव, मुंबई. आपली भुलाबाई समुद्राकाठी!’

गोजराबाईनं स्वतःला शोधलं. वैजयंतीच्या मागे, कडेला, कोपराशी कापलेला एक हात सापडला. टिपरी आणि हिरव्या बांगड्या. बांगड्या तिच्याच होत्या.

निवड वाशीमला झाली होती. भुलाबाईच्या गाण्यातली शेवटची ओळ लांबच लांब ओढायची असते. वैजयंतीचा गळा गोड, पण दम अपुरा. तो तुटायच्या आत मागे बसलेली गोजराबाई त्याच सुरात ओळ उचलून घ्यायची. मुंबईहून आलेले परीक्षक उठून उभे राहिले. “काय दम आहे या बाईंचा!” म्हणाले, वैजयंतीकडे बघत. वैजयंतीनं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही.

मग निवडणुका तोंडावर आल्या, आणि गोजराबाईच्या जागी पुढाऱ्याची पुतणी स्नेहा बसवली गेली.

“तू नाही चालली का व मुंबईले?” गिरणीवर नानीबाईनं विचारलं.

“माही एकादशी हाय.”

“अवो, कार्यक्रम त मंगळवारी हाय!”

“मंग मंगळवारचाही उपास हाय.”

संध्याकाळी भिंतीपलीकडून वैजयंतीची तालीम ऐकू यायची. शेवटच्या ओळीला सूर चढायचा, थरथरायचा आणि फुटायचा. पोळी लाटता लाटता गोजराबाईचा हात थांबलेला असायचा. सूर फुटला की लाटणं पुन्हा फिरायचं. त्या दिवसांत तिच्या पोळ्या फार गोल झाल्या.

पहाटे तुळशीला पाणी घालून नेमाच्या फेऱ्या होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तिचं लग्नापासूनचं व्रत. निघायच्या दिवशी ती फेऱ्या घालत असतानाच वैजयंती हातात पिशवी घेऊन अंगणात आली.

“बाई, सातच्या गाडीनं चाललो आमी. स्नेहाले ते ओळ जमत नाही. मले भेव लागून राह्यलं.”

नेमाच्या फेऱ्या संपल्या. गोजराबाई थांबली नाही. पुन्हा फिरली, पुन्हा फिरली.

“त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं. पण लोक टाळ्या वाजवून राह्यले होते ना, बाई. मले आजवर कोनी असं...”

वाक्य तिथंच तुटलं. कुणी उचललं नाही.

वैजयंती वाकून तिच्या पायाला हात लावायला गेली. पाय पुढे निघून गेले. मग तुळशीलाच हात जोडून ती निघाली.

फाटक वाजलं तेव्हा गोजराबाई उभी राहिली. नेम केव्हाच पुरा झाला होता, तरी तोंड उघडेना. तुळशीपुढचा दिवा भक्क जळत होता, पण तिला त्याच्याकडे बघवलं नाही. सासूच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं ते याच तुळशीचं पान टाकून. तेव्हा गोजराबाई म्हणाली होती, “उचलीन मी, आत्याबाई.”

तिनं कोनाड्यातल्या टिपऱ्या काढल्या, लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातल्या.

“कुठी?” खाटेवरून नवऱ्यानं, उकंडरावांनी, विचारलं.

“अकोल्याले. तिथून पुढं रेल्वेनं.”

“तुले कोनं बलावलं व? इस्टेजवर जागा तरी हाय का?”

“इस्टेजले मांगं पडदा असते ना.”

एसटी फाट्यावर उभीच होती. पुढे खिडकीशी वैजयंती, शेजारी स्नेहा मोबाईलमध्ये. गोजराबाई त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन. वैजयंतीनं मागे पाहिलं नाही.

फ्लेक्स मागे पडला. जरा वेळानं पुढच्या बाकावर हलकं गुणगुणणं सुरू झालं. शेवटची ओळ जवळ येत होती. गोजराबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि छातीभर श्वास घेतला.