भाडेकरूची रंगीत तालीम

"एक घर असणं ही गरज, दुसरं घर असणं ही संस्कृती!" निवृत्त ग्रंथपालांनी जाहीर केलं, आणि नेमकं तेव्हाच नाडीचं टोक पायजम्याच्या नेफ्यात गडप झाल्यामुळे पुढचा भाग राहून गेला.

टोक सिस्टरांनी काढून दिलं. सिस्टर म्हणजे त्यांच्या पत्नी. उभी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली, त्यामुळे आत राहिलेल्या वस्तू शोधण्यात त्यांचा हातखंडा होता.

समोर सिस्टरांचा धाकटा भाऊ कागद पसरून बसला होता. धंदा फ्लॅट विकण्याचा. दोन खोल्यांचा एक फ्लॅट त्याने दाजींच्या गळ्यात जवळजवळ बांधलाच होता. घ्यायचा, भाड्याने द्यायचा, भाड्यातून बँकेचा हप्ता भागवायचा. सुरुवातीची रक्कम मात्र सिस्टरांच्या फंडातून जायची होती. म्हणजे आयुष्यभराच्या रात्रपाळ्या एका सहीत. पेन त्यांच्या हातात होतं.

"हप्ता किती?"

"दाजींचं वय बघता बँक दहाच वर्षं देते, ताई. बावीस हजार."

"भाडं?"

"पंधरा."

"वरचे सात?"

"पेन्शन आहे की दाजींची!"

"आणि देखभाल, घरपट्टी, दुरुस्ती? मधे घर रिकामं राहिलं तर?"

"रिकामं राहतंय कशाला!" ग्रंथपाल म्हणाले. "शिवाय भाडं दरवर्षी वाढतं. हप्ता वाढतो का?"

"व्याजदर वाढला तर वाढतो," मेहुणा म्हणाला. तो प्रामाणिक होता, फक्त हळू आवाजात.

सिस्टर उठल्या, बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं. बेल वाजली. ग्रंथपालांनी दार उघडलं.

"मालक, मी तुमची भाडेकरू. या महिन्याचं भाडं आणलं नाही."

"ताई, हे काय नाटक?" मेहुणा हसला.

"थांब रे. व्यवहार म्हणजे व्यवहार." ग्रंथपालांनी आवाज कडक केला. "का नाही आणलं, बाई?"

"आमच्या ह्यांची नोकरी गेली."

"अरेरे! कधी? बसा ना. पाणी घेता?"

"त्यात मुलांची फी भरायचीय."

"मग आधी फी भरा! भाडं काय, पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यातही जमेलसं वाटत नाही."

"जमेल तेव्हा द्या हो."

"गीझर पण बंद पडलाय."

"आमचा काढून न्या. मला गार पाणी चालतं."

"दाजी, फ्लॅटच द्या ना बाईंच्या नावावर करून!" मेहुणा ओरडला.

पण आता उशीर झाला होता. या गृहस्थांनी अख्ख्या कारकिर्दीत उशिरा आलेल्या एकाही पुस्तकाचा दंड घेतला नव्हता. वाचकाने कारण सांगायला तोंड उघडलं की हे पावतीपुस्तक मिटून त्याची विचारपूस करत. हा खर्च बँकेच्या तक्त्यात धरलेला नसतो.

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं. "फंड आहे तिथेच राहील."

"ताई, माझं कमिशन गेलं."

"जेवून जा."

मेहुणा जेवला नाही. कागद गोळा करून तो चपला घालत होता, तेव्हा ग्रंथपाल त्याच्या मागोमाग दारापर्यंत आले. चेहरा अजून उतरलेलाच होता.

"अरे, तुझ्या एवढ्या ओळखी आहेत," ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या बाईंच्या नवऱ्याला कुठे नोकरी मिळते का, तेवढं बघ ना."