मॅडमनी विचारलं म्हणून

गिरणीच्या संपानंतर दशरथच्या छातीत कापसाचा दमा तेवढा उरला, आणि घर त्याच्या बायकोवर, विमलावर आलं. चारकोपच्या एका गाळ्यात ती पितळी नट ॲसिडात बुडवून चमकवायची. माल मुलुंडच्या मोठ्या कंपनीचा. हातांची सालं निघत, नखं पिवळी पडत.

एकदा कंपनीतून शुभा मॅडम पाहणीला आल्या. गाळ्याच्या शेठने त्या दिवसापुरते हातमोजे वाटले होते. मॅडमनी विमलाला बाजूला घेऊन मायेने विचारलं, "रोज घालता ना हे, विमलाबाई?"

इतक्या मायेने तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही मॅडम. आजच मिळाले."

आठवड्याभरात कंपनीने गाळ्याचं काम काढून घेतलं. शेठने गाळ्याला टाळं लावलं. चाळीतल्या काम गेलेल्या बायका नळावर विमलाची कळशी मागे सारू लागल्या.

पावसाळा संपता संपता तेच नट परत आले, या वेळी पोत्यांतून, थेट चाळीत. कंपनीच्या नव्या कंत्राटदाराचा माणूस घरोघर काम देत होता. वाटप गाळ्यात विमलाबरोबर असलेल्या शेवंतीच्या हातात होतं. विमला तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुझ्या खऱ्या बोलण्यान आमची चूल विझली," शेवंती म्हणाली. "काम देतंय. पण ॲसिड तुझ्या घरात रवतला. आमच्याकडे पोरां आसत."

विमलाने मान डोलावली. खोली एकच, त्यात स्टोव्हशेजारी सगळ्यांच्या मालासाठी ॲसिडचं घमेलं आलं. वाफ उठली की दशरथला उबळ यायची. ती त्याला दाराबाहेरच्या ओट्यावर बसवायची. तिथेही तो खोकून खोकून निळा पडायचा. दिवाळीच्या सुमारास त्याच्या थुंकीत रक्त दिसलं.

दुसऱ्या दिवशी विमला बस बदलत बदलत मुलुंडला गेली. शुभा मॅडमनी तिला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमच्यामुळे तो गाळा बंद करता आला," त्या म्हणाल्या. "नवीन कंत्राटदाराचं सगळं नियमाने चालतं. की तिथेही काही तक्रार आहे? मोकळेपणी सांगा. एक शब्द सांगितलात तर उद्याच त्याचंही काम बंद करते."

विमलाने हात पदराखाली घेतले. तिला शेवंतीचं दार दिसलं, नळावरच्या बायका दिसल्या.

"तक्रार नाही, मॅडम. इथे झाडलोटीचं काही काम असलं तर विचारायला आले होते."

"इथे भरती बंद आहे हो," मॅडम हळहळल्या. "पण तब्येतीला जपा."

विमला घरी पोचली तेव्हा दशरथ ओट्यावर भिंतीला टेकून धापा टाकत होता. शेवंतीने दारात भरलेलं पोतं टाकलं होतं. विमलाने ते आत ओढलं, आणि दशरथचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.