पूर्वेकडं तोंड

“एक, दोन... उचला!” भागवत ओरडला आणि आठ जणांनी हेलिकॉप्टर शेपटीकडून उचललं.

सोनपेठजवळच्या शाळेच्या मैदानात ते पश्चिमेकडे तोंड करून उतरलं होतं. सासरी निघालेल्या मुलीनं पूर्वेकडं तोंड करून बसावं, असा पंचफुलाबाईंचा हट्ट होता. वैमानिक मांडवात जेवत होता. त्याला कशाला उठवायचं, म्हणून त्यांचे यजमान चंद्रभान यांनीच भाच्याला सांगितलं, “वळवा रे तेवढं.” अडलेली बैलगाडी वळवावी तसे सगळे भिडले.

भागवतचा पाय ढेकळावरून घसरला. पडता पडता त्यानं शेपटीच्या टोकाचा छोटा पंखा धरला आणि त्याचं सगळं वजन पात्यावर आलं.

कट्ट असा आवाज झाला.

चंद्रभाननी पातं बोटांनी चाचपलं. दिसत काहीच नव्हतं.

“पंगतीत जरा कमी जेवायचं असतं, भागवतराव,” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. भागवत हसला नाही.

“मामा, पायलटला सांगावं लागतंय.”

“थांब जरा.”

हेलिकॉप्टर एकट्या चंद्रभाननी घेतलेलं नव्हतं. चुडाव्याच्या रामकिशनच्या मुलीचंही लग्न आजच होतं. दोघांनी मिळून ते दिवसभरासाठी ठरवलं होतं. आधी चंद्रभानची लेक शुभदा हिला गंगाखेडला सासरी सोडायचं, मग दिवस मावळायच्या आत चुडावा. आता सांगितलं, तर ते इथंच उभं राहणार. चंद्रभाननी रामकिशनच्या पोरीचा समारंभ बुडवला, हे दोन्ही तालुक्यांत वर्षानुवर्षं बोललं जाणार.

वैमानिक हात पुसत आला आणि जागीच थबकला.

“हे कोणी वळवलं?”

“आमीच. पोरीला पूर्वेकडं तोंड करून बसवायचं असतं.”

“विचारायचं तरी! कुठं धरलं होतं?”

भागवतनं मामांकडे पाहिलं.

“खालच्या दांड्याला,” चंद्रभान म्हणाले. “पंख्याला कोणी हात न्हाई लावला.”

वैमानिक एक फेरी मारून आला. शेपटीपाशी वाकला, पंखा हातानं फिरवून बघितला, मग उन्हाकडे पाहिलं.

“बसवा लवकर. मला पुढं चुडावा आहे.”

शुभदा नवऱ्यासोबत आली. डोळे रडून लाल झालेले, तरी नजर हेलिकॉप्टरवर होती. तिनं दाराच्या कडेला हात लावला. चंद्रभाननी तिचं कोपर धरलं.

“पोरीला चक्कर यायलीय. मोटारीनं जाऊ द्या.”

“मला कुठं चक्कर यायलीय, आबा?”

“मी म्हणतोय न्हवं, यायलीय.”

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. पंचफुलाबाई म्हणाल्या, “मग एवढा घाट कशाला घातला?”

“ठीक आहे,” वैमानिक म्हणाला. “मी थेट चुडाव्याला जातो.”

तो आत बसेपर्यंत चंद्रभान दाराशीच उभे होते. वरचा पंखा फिरू लागला तेव्हा टोपी धरून मागे सरले. हेलिकॉप्टर उठलं, पूर्वेकडे कललं आणि उसाच्या फडांवरून निघून गेलं. पोरं टाळ्या वाजवत मागे धावली.

मोटारही निघाली. ती कमानीशी वळत होती तेव्हा फोन वाजला.

“गंगाखेडहून निघालं का हो, चंद्रभानराव?” रामकिशनच्या मागं बँड वाजत होता.

“निघालं.”

“शुभदाताई पोचल्या न्हवं नीट? आमची राजेश्री लय भ्यायलीय. बसतच न्हाई म्हणती. ताईला फोन लावून इचारा की, भ्याव वाटलं का म्हणून. तिनं सांगितलं तर ऐकंल ही.”

मोटार कमानीपलीकडे दिसेनाशी झाली. भागवत चार हातांवर उभा होता. चंद्रभाननी त्याच्याकडे पाठ केली.

“इचारलंय मी,” ते म्हणाले. “काही वाटत न्हाई म्हणती. बिनघोर बसवा.”