पाहुण्याने कॉफी प्यायली

“कॉफी दिलीत की फसलात, सांगून ठेवते!” पडद्याआडून जब्बारची बायको उम्म सिनान, म्हणजे सिनानची आई, कुजबुजली.

“मग काय दारातून हाकलून देऊ? शेख आलेत घरी.” जब्बारने किटली उचलली.

“उद्या शेख म्हणतील नदीत उडी मार. माराल?”

बाहेर बैठकीत शेख दाखिल बसले होते, टोळीतले सगळ्यांत वडीलधारे. शेजारी परदेशी सुरक्षा कंपनीचा गोरा साहेब घामाने निथळत होता आणि त्याचा दुभाषा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. याच कंपनीच्या भाडोत्री बंदूकवाल्यांनी बगदादच्या भर चौकात जब्बारच्या मुलाला, सिनानला, गाडीतच गोळ्या घातल्या होत्या. ‘गाडी थांबली नाही, अंगावर आली,’ हे कंपनीचं पालुपद. इथल्या कोर्टाला त्या लोकांना हात लावायची सोय नव्हती. वर्षानुवर्षं हेलपाटे घातल्यावर त्यांच्या देशातलं कोर्ट आता कुठे जागं झालं होतं आणि उद्या सकाळी जब्बार संगणकाच्या पडद्यावरून साक्ष देणार होता. कूलर दुरुस्त करणारा साधा माणूस, सांगायचं होतं ते एवढंच: गाडी उभी होती. हँडब्रेक मी ओढला होता.

तेवढंच सांगू नये म्हणून आज ही मंडळी दारात आली होती.

डाव सरळ होता. पाहुणा कॉफी घेतो, न पिता समोर ठेवतो आणि मग मागणं मागतो. मोठ्या माणसाची कॉफी तशीच निवू दिली तर टोळीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. ‘प्या, दिलं तुम्हाला,’ असं म्हणावंच लागतं.

जब्बारने ओतली. शेखांनी पेला घेतला आणि न पिता गालिच्यावर ठेवला. झालं! जब्बारने दुसरा पेला साहेबापुढे केला.

साहेबाने तो एका घोटात रिकामा केला, कडू तोंड केलं आणि बोटांत धरून छान हलवून परत दिला. पेला हलवला म्हणजे पुरे, एवढं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. कधी प्यायचा, ते शिकवायचं राहिलं होतं.

शेख खाकरले. “जब्बार, या माणसाचं एक मागणं घेऊन मी तुझ्या दारात...” आणि ते थांबले. जब्बारच्या हातातला रिकामा पेला त्यांना दिसला.

“शेख,” जब्बार हळूच म्हणाला, “पाहुण्याने तर कॉफी प्यायली. मागणं काही नसावं.”

पडद्याआड कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुभाषा गडबडला. “अहो, साहेबांचं बोलणं अजून...”

“गप रे! पिऊन झाल्यावर कसलं बोलणं? आमच्या आज्या-पणज्यांत असं कुणी केलं नाही.” शेखांचे खांदे सैल पडले. दोन पुतणे कंपनीच्या फाटकावर नोकरीला होते, त्यांच्यापायी म्हाताऱ्याला इथवर ओढून आणलं होतं. शेखांनी आपला पेला उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

“निवली असेल. दुसरी देऊ?”

“दे बाबा. आता घशाखाली उतरेल.”

जाताना दारात त्यांनी जब्बारचा खांदा दाबला. “उद्या नीट बोल. घाबरू नकोस.”

मोटार वळली न वळली तोच उम्म सिनान बाहेर आली. हसता हसता तिचे डोळे वाहत होते. “त्या मेल्याला बरोबर खजूर तरी बांधून द्यायचे होतेत!”

मुलगा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. जब्बार बघतच राहिला.

सकाळी पडद्यावर परक्या देशाच्या न्यायाधीशबाई दिसल्या. नाव विचारलं.

“अबू सिनान.”

“हे कागदावरचं नाव नाही.”

“कागदावर जब्बार. पण लोक सिनानचा बाप म्हणतात. तो गेला तरी तसंच म्हणतात.”

मग त्याने सांगितलं. मुलगा गाडी चालवत होता, मी शेजारी. कंपनीच्या गाड्यांचा ताफा दिसला तशी त्याने गाडी थांबवली. ब्रेक मी ओढला. असा. त्याने डाव्या हाताची मूठ मांडीशेजारून वर खेचली आणि तशीच धरून ठेवली. “गाडी उभी होती, बाई. उभीच होती.”

कंपनीच्या वकिलाने खोदून खोदून विचारलं. जब्बारचं उत्तर बदललं नाही, मूठही खाली आली नाही.

शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, “आम्ही पाहिलं. लिहून घेतलंय. हात खाली घ्या.”

जब्बारने ब्रेक सोडला.