रद्दी वाचली नाही

“आज पेपर पूर्ण वाचून झाला,” आई म्हणाली, आणि चहाचा कप खाली ठेवून एकदम उठून उभी राहिली.

बाबा बुटाची नाडी बांधत होते. “मग बरं झालं की.”

“बरं काय झालं? अहो, पूर्ण! शेवटच्या पानापर्यंत! मध्ये कुणी येऊन बसलंच नाही!”

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. आमची मांजर रोज सकाळी पेपरवर येऊन बसते. नुसती पेपरवर नाही, आई जी ओळ वाचत असेल नेमकी त्या ओळीवर. तिला ते कसं कळतं देव जाणे! अकरा वर्षं आई शेपटी बाजूला करत करतच जगाच्या बातम्या वाचत आलीये. त्यामुळे अर्ध्या बातम्या तिला अंदाजानेच माहीत आहेत.

आम्ही घरभर शोधलं. बुटांच्या कपाटात, बाबांच्या पावसाळी बुटांच्या मागे, ती अंग चोरून बसली होती. लाळ गळत होती. मी हात लावला तर गुरगुरलीसुद्धा नाही. आमची मांजर आणि गुरगुरत नाही, म्हणजे काहीतरी भलतंच होतं.

आता ओळख करून देते, कारण पुढे गोंधळ होणार आहे आणि तो तुमचा नको व्हायला.

मांजरीचं नाव रद्दी. आईने एकदा जुन्या मासिकांचा गठ्ठा रद्दीच्या दुकानातून उचलून आणला होता, त्यात हे मुठीएवढं पिल्लू निघालं. “रद्दीतून आली, रद्दी,” बाबा म्हणाले आणि ते नाव चिकटलं. कुत्र्याचं नाव गृहस्थ. तो पहिल्या दिवसापासूनच असा गंभीर चेहरा करून बसायचा की त्याला ‘मोती-बिती’ म्हणणं बरं दिसेना. जिन्यात आई ओरडते, “गृहस्थ खाली जाऊन आले का?” आणि शेजारच्या काकू बाबांकडे विचित्र नजरेने बघतात.

आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बाबा वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेतात. “घरात दोघंही वाचनाच्याच धंद्यात,” असं बाबा पाहुण्यांना सांगतात आणि स्वतःच हसतात. खरं वाचन मात्र आईचं. ती एका वेळी पाच-सहा पुस्तकं वाचते. एक ओट्यावर, एक उशाशी, एक पर्समध्ये, एक बाथरूमच्या खिडकीत. प्रत्येकात खुणेला एकेक रेशमी दोरा. हिरवा म्हणजे हळू वाचायचं, लाल म्हणजे भाजी करपली तरी चालेल.

आणि मी दहावीत. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, तेव्हापासून मला बोलायची लाजच वाटेनाशी झाली आहे. बाबा मला ‘अध्यक्ष’ म्हणतात. “अध्यक्ष, आवाज जरा कमी,” हे दिवसातून चारदा.

तर, तो सोमवार होता. प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रद्दीचं तोंड उघडून जिभेखाली पाहिलं. मग पोटाचा एक्स-रे काढला. मग आईला विचारलं, “घरात शिवणकाम करता का?”

“नाही.”

“मग दोरा कुठून आला? पोटात दोरा आहे हिच्या. लांबलचक. आतडं गोळा झालंय.”

पर्समधून आईने पुस्तक काढलं, उघडलं. त्यातला लाल दोरा नव्हता.

“उद्या सकाळी पोट उघडावं लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वय झालंय तिचं. मी शब्द देणार नाही.”

घरी आल्यावर आईने चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच ओट्यापाशी गेली आणि पुस्तकातला दोरा ओढून काढला. मग उशाशी. मग खिडकीत. मग कपाटातली, अर्धवट राहिलेली, कधीतरी पुरी करायची म्हणून ठेवलेली सगळी. हिरवे, निळे, पिवळे. मुठीत मावेनात एवढे दोरे झाले. त्यांची गुंडाळी करून तिने डब्यात घातली आणि डब्याला झाकण लावून वर टेप लावला.

“अगं, पण तुझी पानं?” बाबा म्हणाले. “कुठवर वाचलं होतंस ते कसं कळणार?”

“नाही कळलं तर नाही कळलं.”

मंगळवारी ऑपरेशन झालं. दोरा निघाला, हातभर. पण रद्दी डोळे उघडेना. “दोन-तीन दिवस इथेच राहू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बघू.” ‘बघू’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी फार वाईट लागतो.

बुधवारी मी शाळेतून थेट आईच्या दुकानात गेले. तिथे जवळचं वाचायला देतात ना, लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा पुठ्ठा, तो आईने स्वतः लिहून घेतलाय. कंपनीच्या पुठ्ठ्यावर काहीतरी रटाळ होतं. आईच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात आहे, ‘एका दाराला एक कुलूप होतं.’ त्याहून लहान, ‘त्याची किल्ली कुणाकडेच नव्हती.’ आणि असं करत करत अगदी मुंगीएवढ्या अक्षरात शेवट. मालक सारखे कुरकुरतात, “बाई, तुमच्या गोष्टीमुळे नंबर चुकतात! माणसं उत्सुकतेपोटी खालची ओळ वाचतात. नजरेने नाही, हट्टाने!”

त्या दिवशी एक आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांनी कुलूप वाचलं, किल्ली वाचली, शेवटही वाचला आणि खूश होऊन वर पाहिलं. आई त्यांच्या डोक्यावरून काचेबाहेर बघत होती.

“वाचा,” ती म्हणाली.

आजोबांनी पुन्हा वाचलं.

“वाचा.”

तिसऱ्यांदा आजोबा म्हणाले, “बाई, माझं पाठ झालं. आता चष्मा नको, नुसतं ऐका.”

मालक हसले. मीही हसले. आई दचकून “माफ करा हं” म्हणाली आणि काच बदलताना तिच्या हातातून ती खाली पडली. घरी परतताना बसमध्ये तिने पुस्तक उघडलं. मी मुद्दाम मोजत होते. नऊ थांबे गेले, पान उलटलं नाही.

गुरुवारी पेपर तसाच घडी न मोडता पडून राहिला. सोमवारनंतरचे सगळेच तसे पडले होते.

आणि मग उजाडला शुक्रवार.

मी चार वाजता कुलूप उघडून घरात आले. जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीखाली, आईच्या गोल अक्षरातली चिठ्ठी होती.

‘रद्दी वाचली नाही. जुन्या चादरीत बांधून गॅलरीत ठेवली आहे. कोणी हात लावू नये. मी आल्यावर बघू.’

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग गॅलरीत गेले. निळ्या फुलांच्या चादरीचं गाठोडं कोपऱ्यात होतं. वर घट्ट गाठ. एवढंसंच.

मी तिथेच फरशीवर बसले. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस वगैरे सगळं गेलं कुठच्या कुठे. नाक पुसायला रुमालसुद्धा सापडेना. गृहस्थ आला. त्याने गाठोडं हुंगलं, जांभई दिली आणि निघून गेला. त्याला दुःख झेपलं नाही, असं मला वाटलं.

बाबा आले. चिठ्ठी वाचून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवत राहिले.

“आईला फोन करू या?”

“नको. बोलायचं असतं तर लिहून ठेवलं नसतं तिने.” मग घसा खाकरून म्हणाले, “ती येऊन स्वतःच्या हाताने खड्डा खणणार, बघ. त्याआधी आपणच करून टाकू.”

“पण हात लावू नये म्हणून लिहिलंय.”

“लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तिचं लिहिलेलं आज पहिल्यांदा मोडतोय.”

आम्ही इमारतीमागच्या बागेत गेलो. वॉचमनकाकांनी कुदळ दिली, कारण विचारलं आणि कारण ऐकून स्वतःच खणायला लागले. बाबांनी गाठोडं दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं. “जड लागतेय,” ते हळूच म्हणाले. “आणि कशी ताठ झालीये.”

खड्डा झाला. मग बाबा म्हणाले, “अध्यक्ष, बोला दोन शब्द.”

मी बोलले. रडत रडत बोलले, पण छान बोलले. म्हटलं, “ती कुणाच्या अध्यात नव्हती, फक्त मध्यात होती. प्रत्येक बातमीच्या मध्यात. ती होती म्हणून आमच्या घरात कुठलंही संकट अर्धंच पोचलं.” वॉचमनकाकांनी टोपीने डोळे पुसले.

“अहो,” मागून आवाज आला. “काय चाललंय?”

आई! पर्स खांद्याला, हातात दुधाची पिशवी.

“तू घरात जा,” बाबा पुढे होत म्हणाले. “आम्ही करतो सगळं. तू बघू नकोस.”

“पण करताय काय? ती माझी चादर ना?”

“रद्दीला निरोप देतोय गं,” मी म्हटलं आणि पुन्हा हुंदका आला.

“वर लिहून ठेवलं होतं ना मी? हात लावू नका म्हणून? वाचली नाही म्हणून?” आईचा आवाज चढला. “पूर्ण आठवड्याची आहे! आज शुक्रवार, रद्दीवाला येईल आणि तुम्ही देऊन टाकाल, म्हणून बांधून ठेवली, आणि तुम्ही पुरताय?”

वॉचमनकाकांनी खाली वाकून गाठ सोडली. चादरीतून सोमवारपासूनचे पेपर आणि तीन मासिकं बाहेर आली.

मला आधी हे सांगायला हवं होतं. आमच्या घरातून पेपर एकदा वाचून बाहेर जात नाही. आई म्हणते, पहिल्यांदा वाचायचं ते कळण्यासाठी, दुसऱ्यांदा मजेसाठी. त्यामुळे दर शुक्रवारी रद्दीवाला येण्याआधी घरात एकच प्रश्न, “रद्दी वाचली का?” अकरा वर्षं आम्ही हे म्हणत आलो आणि एकदाही घोटाळा झाला नाही. होणार कसा? दुसऱ्या अर्थाने विचारायची वेळ तोवर कधी आलीच नव्हती.

आईने खड्ड्याकडे पाहिलं, टोपी हातात धरलेल्या बाबांकडे पाहिलं, माझ्या लाल नाकाकडे पाहिलं. आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदरबिदर सोडून. दुधाची पिशवी वॉचमनकाकांकडे देऊन ती खड्ड्याच्या काठावर खाली बसली आणि हसत राहिली. मग तिचे खांदे वेगळेच हलायला लागले. बाबा तिच्याशेजारी बसले.

“मांजराचं काय गं?” त्यांनी विचारलं.

“आत्ता तिकडूनच येतेय,” आई डोळे पुसत म्हणाली. “डोळे उघडलेत तिने. कंपाउंडरला चावली.”

“शाब्बास!” मी एवढ्या जोरात ओरडले की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

“पण खात नाहीये. उद्या घरी न्या म्हणाल्या. घरच्या जागेत खाल्लं तर ठीक. संध्याकाळपर्यंत काहीच नाही खाल्लं तर परत आणा.” आई थोडी थांबली. “पुन्हा सलाईन वगैरे तिला सोसणार नाही, असंही म्हणाल्या.”

शनिवारी रद्दी घरी आली. पोटाचे केस भादरलेले, त्यावर टाके, ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. जिच्या चालीला इमारतीतले बोके वाट सोडायचे, ती दारात दोनदा अडकली. गृहस्थाने तिला पाहिलं आणि तो चक्क उठून उभा राहिला.

तिच्यासमोर उकडलेला मासा ठेवला. नाही. दूध. नाही. अंड्यातलं पिवळं. तोंड फिरवलं. मी बशी सरकवली, बाबांनी चुचकारलं, मी गाणं म्हटलं, गृहस्थ लाळ गाळत बसला. दुपार झाली. चार वाजले. आईने पहिल्यापासून सुरू केलेलं एक पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. सहा वाजता तिने रद्दीला दवाखान्यात न्यायची टोपली कपाटावरून काढून दाराशी ठेवली.

रद्दीने त्या टोपलीकडे पाहिलं आणि भोंग्यासकट भिंतीकडे वळून बसली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आठ डोळे लावून बसलोय आपण. भादरलेल्या पोटाने, गळ्यात हा भोंगा घालून, सगळ्यांसमोर जेवायचं? मी नसतं जेवले. उठा.”

“कुठे?” बाबांनी विचारलं.

“ताटं वाढा. खुर्च्या फिरवा. तिच्याकडे पाठ करून जेवायचं. कुणीही वळायचं नाही.”

आम्ही तीन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. ताटं मांडीवर घेतली. बाबांनी गृहस्थाचं तोंड दोन्ही गुडघ्यांत धरलं. भिंत हातभरावर. मी जन्मात पहिल्यांदा बघितलं की तिथे खिळ्याची तीन भोकं आहेत.

“आज कुणाकडे—” मी सुरुवात केली.

“अध्यक्ष,” बाबा कुजबुजले.

मी गप्प बसले. भात गार होत होता. बराच वेळ मागे काहीच नव्हतं. मग फरशीवर नखं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. आणि मग प्लास्टिक बशीच्या काठाला घासल्याचा आवाज आला. खर्र. खर्र.

मी वळणारच होते. आईने न बघताच माझा गुडघा दाबून धरला.

खर्र. खर्र. चप.

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. आईचा घास हातातच होता. ताठ बसून, हनुवटी वर करून ती त्या भिंतीकडे टक लावून बघत होती, आणि मागचं जेवण संपेपर्यंत तिने तो घास तोंडात घातला नाही.