पहिला हात पातळ

फ्रीजमधून आणलेली काचेची बाटली सिस्टरनी मेहुण्याच्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवली. "गारवा गेला की लावू," म्हणाल्या आणि पलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

बाटलीत अनेक रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं होती. जंतूंशी लढणारी ही प्रतिपिंडं मेहुण्याच्या अंगात पुरेशी तयारच होत नाहीत. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या अंगातही होत नव्हती. ते कळेपर्यंत न्यूमोनियाने तिला नेलं. म्हणून डॉक्टरांनी भावाला तपासलं. आता त्यालाही न्यूमोनिया झाला होता आणि नुसत्या अँटिबायोटिकने ताप हटत नव्हता.

"भाऊजी, बसा की. फरशी झिजेल," मेहुणा धापा टाकत म्हणाला.

"तू गप पड."

"दुसऱ्यांची ताकद मला चढवणार. उसनं अवसान म्हणतात ते हेच ना?"

तीही अशीच बोलायची. मला तिथे उभं राहवेना. हाताला काहीतरी काम हवं होतं. मी रंगारी. डबा हातात आला की आधी हलवायचा, तळाशी रंग बसलेला असतो. मी बाटली उचलली आणि खळाखळा हलवली.

आत पांढरा फेस झाला.

सिस्टर धावत आल्या. "अहो काका, हलवलीत? ही हलवायची नसते!"

"तळ बसला असेल म्हणून..."

"डिस्टेंपर आहे का तो?"

फार्मासिस्ट आला. दुसरी बाटली उद्याशिवाय मिळणार नव्हती. "फेस बसू दे, मग बघतो," तो म्हणाला. "गढूळ दिसली तर टाकूनच द्यावी लागेल."

मी दारापर्यंत जायचो, परत यायचो. बाटलीकडे बघायचो, मेहुण्याचा श्वास ऐकायचो. बहीण गेली, आणि आता भावाचं औषध माझ्याच हाताने नासलं तर? पुन्हा दारापर्यंत जायचो.

फेस बसला. फार्मासिस्टने बाटली उजेडात धरली, हळूच कलती केली, पुन्हा बघितली.

"स्वच्छ आहे. लावा."

थेंब पडू लागले. फारच सावकाश.

"एवढं हळू? जरा वाढवा ना," मी म्हणालो.

"सोसतंय का ते बघून वाढवू," सिस्टर म्हणाल्या.

मेहुण्याने डोळे उघडले. "भाऊजी, पहिला हात पातळच द्यायचा. स्वयंपाकघर रंगवताना ताईला कोण ओरडत होतं?"

"मीच," म्हणालो, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसलो.